तिन्ही नळ्या सारख्या

प्रिय चाचा,

तुमच्या माघारी पहिला डिझेल पंप आज एकट्यानं बांधला. सांगायला वळलो तर तुमचं स्टूल मोकळं! मग सांगू कुणाला? म्हणून लिहायला बसलोय. असं झोपेतच निघून जातं का कुणी?

चाचींनी सकाळीच दम दिला होता, "हा पंप नीट गेला तर दुकानाची किल्ली तुझ्याकडं ठेव संभा. न्हाई तर पंप तपासायचा बेंच इकून टाकू. तुझ्या रागावर दुकान न्हाई चालायचं." खोटं काय बोलल्या?

आणि पंप तरी कुणाचा यावा? तात्यांच्या ट्रॅक्टरचा! मडगार्डवर त्यांची वैशू. कॉलेज अर्धवट टाकून तुमच्याकडं आलो तेव्हापासून ती दिसली की माझा पाना हातातच राहायचा. "गड्या, पंपाकडं बघ, रस्त्याकडं नगं," तुम्ही हसायचात. चाचा, तिचं लोणंदला ठरलंय हो.

पंप उघडून बसलो, तर तात्या दारातनंच, "कॉलेज जमलं न्हाई, ह्येला पंप जमतोय व्हय?" डोकं असं सणकलं! पण तुमची रीत आठवली. पंप उघडला की पंखा बंद, दार बंद, आणि डोकं तापलं तर हात लांब. उघड्या पंपावर ताट झाकलं, टपरीवर चहा घेतला, मगच परत बसलो. फडकं न लावता एकेक प्लंजर स्वच्छ डिझेलमध्ये धुतला, ज्याच्या त्याच्या नळकांड्यात ओलाच सोडला. बंद खोलीत सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत.

बेंच सुरू केला. मापाच्या तीन काचेच्या नळ्यांत डिझेल चढायला लागलं, खिडकीतलं ऊन त्यात उतरलं. बघता बघता त्या उजेडात मला उंब्रजचा रस्ता दिसला, कडेला ऊस, आणि ट्रॅक्टरवर वैशू, पुन्हा पुन्हा आपल्याच दुकानाकडं येणारी.

मनात आलं, एका नळीत थेंबभर जास्त सोडावं. कुणाला कळतंय? ट्रॅक्टर काळा धूर ओकत परत येईल, तीही येईल. लग्नाआधी एकदा तरी! स्क्रू फिरवलासुद्धा, चाचा. तिसरी नळी वर गेली.

बेंच थांबला तेव्हा दाराबाहेर वैशू फोनवर आईला सांगत होती, "चाचा न्हाईत गं आता, पर संभा हाय की. त्येंच्याच हाताखालचा. तू नगं काळजी करू."

असं का बोलली ती? आताच का?

स्क्रू मागं घेतला. पुन्हा बेंच चालवला. तिन्ही नळ्या सारख्या.

ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात सुरू झाला. तात्या नुसतं "इंजिन बरं बोलतंय की रं!" म्हणाले. वळणावर तिनं हात हलवला, की ओढणी सावरली? कळलं नाही. धूर असता तर म्हटलं असतं, धुरात दिसलं नाही. पण धूर नव्हताच.

चाचींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि आत निघून गेल्या.

तुम्हाला वचन देतो चाचा, माझ्या मनासाठी कुणाचाही पंप वाकडा बांधणार नाही. ती परत आली नाही, तरीसुद्धा.

तुमचा,
संभा