पाद्रीबाबांचा आवाज बसला त्या दिवशी

कुमासी, घाना, गुरुवार

आदरणीय मामांस,

वहाणा काढून, खांद्यावरचं कापड कमरेपर्यंत खाली घेऊन तुमच्या भाच्याचा, याव ओतेंगचा नमस्कार. (कापड खरंच खाली घेतलंय. घरमालकीण दारातून डोकावली आणि ताप आलाय का विचारून गेली.) तुमचा गुडघा कसा आहे? मामी अजून तुमच्या जेवणात मीठ कमी घालतात का, आणि तुम्ही अजून शेजारी जाऊन खारवलेला मासा खाऊन येता का? आईनं रश्शासाठी पाठवलेल्या गोगलगायी पोचल्या. टोपलीतून निसटून बसभर फिरायला निघाल्या होत्या, पण त्यांची चाल बघता बहुतेक सगळ्या सापडल्या.

मामा, गोष्ट तुमच्या कानावर आली असेलच. लोक सांगतात त्यातलं निम्मं खोटं आहे, पण ते खोटंसुद्धा खऱ्याइतकं अचाट नाही, म्हणून मीच लिहितो.

मी सात वर्षांचा असल्यापासून तुम्ही मला शिकवलंत. गादीवरचे नाना, आपले राजे, काहीतरी पुटपुटणार, आणि तुम्ही सोनेरी मुठीची काठी धरून ते सभेला सांगणार. (एकदा नाना फक्त भूक लागली म्हणाले होते, आणि तुम्ही त्यावर पूर्वजांच्या पराक्रमासकट पाव तास बोललात. सभा रडली होती. नाना उपाशीच.) शब्द हवे तेवढे सजवावेत, पण मागे मालकाचा शब्द असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हा तुमचा एकच नियम. तुमच्यानंतर ती काठी माझी, हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. म्हणूनच पुढचं दोनदा लिहून फाडलं.

ईस्टरला आक्राहून नॉर्टे नावाचे पाद्री इथल्या मैदानात तीन दिवस प्रवचनं करायला आले. त्यांना आपली भाषा येईना. इंग्रजीचं आपल्या भाषेत करायला कोणीतरी हवं होतं, आणि तुमचा भाचा म्हणून लोकांनी मला पुढे ढकललं. देवाशी माझा संबंध म्हणाल तर नाताळच्या कोंबडीपुरता! पण काम ते काम. ते म्हणाले, देव क्षमा करतो. मी त्यात नदी घातली, जुना वृक्ष घातला, एक विधवा घातली. त्यांचं एक वाक्य, माझी सात. बायका डोळे पुसायला लागल्या. पाद्रीबाबांचं दोनदा पाणी पिऊन झालं तरी माझं चालूच. (मागाहून त्यांनी हळूच विचारलं, "बाबा रे, माझ्या प्रवचनात हत्ती कुठून आला?")

तिसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. पार बसला. ओठ हलताहेत आणि घशातून नुसती हवा. शेवटी बिचारे हात जोडून खाली बसले. समोर हजारभर माणसं. मी सवयीनं थांबलो. मालकाचा शब्द नाही, तर मी काय बोलणार? तेवढ्यात पहिल्या रांगेतून केळ्याचे काप विकणारी सेरवा ओरडली, "गप्प काय बसलास मेल्या? माझं पोर गेलं, त्याचं काय म्हणतोय तो देव? सांग ना!"

आणि मामा, मी बोललो. नदी नाही, वृक्ष नाही, विधवा नाही. तो म्हणतोय, तुझं पोर मला ठाऊक आहे. तो म्हणतोय, मी त्याला नावानं हाक मारतो. पोराचं नाव मला माहीत नव्हतं आणि मी घेतलंही नाही, पण सेरवा अशी मान हलवत होती की तिला ते ऐकू आलं असावं. मी मागे वळून बघितलं. पाद्रीबाबा जमिनीवर बसलेले, तोंड मिटलेलं. त्यांची खुर्ची रिकामी. तरी शब्द मागूनच येत होते, नानांचे येतात तसे. ते माझे नव्हते, मामा. माझे असते तर लांबलचक असते.

त्या शब्दांपासून मी पळूनही बघितलं. टायरच्या दुकानात नोकरी धरली. तिथं गिऱ्हाइकं टायर राहू देत म्हणायची आणि मला घरची दुःखं सांगत बसायची, मीही ऐकत बसायचो. महिनाभरात एक टायर विकला. मालकानं हाकललं. तेव्हा मी निमूटपणे पाद्रीबाबांकडे गेलो आणि शिकायला लागलो. आता पाळक व्हायचंय. काठी मावशीच्या बोआतेंगला द्या. बोलण्यात तो माझ्याहून गोड आहे आणि उंचही आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला शेक देत जा.

तुमचा,
याव

ता. क. दीक्षाविधी पुढच्या रविवारी आहे. नंतर जेवण आहे, मीठ भरपूर असेल.

ता. क. आणखी एक. खरं तर एवढ्याचसाठी लिहायला बसलो होतो. चर्चच्या वडीलधाऱ्यांनी विचारलं, मामांची संमती आहे का? मी उभा राहिलो आणि तुमच्या वतीनं बोललो. फार सुंदर बोललो. भाच्याचा मालक बदलला, पण पोरगा मोठ्या घरी गेला, मी त्याला आनंदानं सोडतो, असं तुम्ही म्हणालात. दोन म्हातारे रडले. यातलं एक अक्षरही तुम्ही बोलला नाहीत. मैदानात माझ्या मागे कोणीतरी होतं. इथं खरंच कोणी नव्हतं. हे तोंड घेऊन मला वेदीपुढे उभं राहवणार नाही. शनिवारपर्यंत या आणि तुमच्या तोंडानं काय ते म्हणा. नाही म्हणालात, तर तेही त्यांना मीच सांगेन, आणि त्यात एक शब्दही वाढवणार नाही.