मामाची वकिली

ती. ताईस,

पाठीत उसण भरल्याने वाकता येत नाही, तेव्हा बसूनच केलेला नमस्कार गोड मानून घे. तुझा गुडघा कसा आहे? इकडे माझं दुकान, शिलाई मशीन आणि जीभ तिन्ही व्यवस्थित चालू आहेत. घात तिसरीने केला.

मंगळवारी तुझ्या लेकीची कौटुंबिक न्यायालयात तारीख होती. नात आईकडे राहणार की बापाकडे, हा प्रश्न. (हा विषय काढायचा नाही असं तू बजावलंयस; मी काढत नाही, फक्त लिहितोय.) मी तिला म्हटलं, मामा असताना वकील कशाला? आखूड झालेली बाही फॅशन आहे, हे मी भल्याभल्यांना पटवलंय. अडचण कोटाची होती. दुकानात एका वकिलाचा काळा कोट पोटावर सैल करायला आला होता. तो मला चपखल बसला. म्हटलं, वापरून शिवण तपासू.

झालं असं की दारातल्या शिपायाने सलाम ठोकला, जिन्यात दोन बायकांनी सल्ला विचारला (मी दिलाही), आणि मी थेट पुढे जाऊन बोलायला सुरुवात केली. न्यायाधीश बाईंनी चष्म्यावरून बघत सनद मागितली. मी म्हटलं, सनद नाही, पण हिला कडेवर खेळवलंय. तेवढ्यात तुझ्या जावयाचा वकील, जो बिचारा नुसत्या शर्टावर उभा होता, माझं पोट निरखू लागला. कोट त्याचाच होता. त्याला मी ‘उद्या नक्की’ म्हणून तीनदा परत पाठवलं होतं.

बाईंनी शांतपणे समजावलं की नातेवाइकाला कितीही कळकळ असली तरी वकिलाशिवाय कोणाला दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही. तिचं तिने बोलावं. मी कोट मालकाच्या हवाली केला आणि मागे जाऊन बसलो. माझं सात पानी भाषण त्याच्याच खिशात गेलं.

मग ती उभी राहिली. म्हणाली, "मला मुलीपासून तिचे बाबा तोडायचे नाहीत. पण त्या घरात आवाज चढला की ती पलंगाखाली जाऊन बसते. माझ्याकडे कोणी आवाज चढवत नाही." ताई, माझ्या सात पानांत हे कुठेच नव्हतं. मला हुंदका आला, तोही इतका मोठा की शिपायाने मला बाहेर नेलं.

निकाल बारा तारखेला आहे.

तुझा बिनसनदी भाऊ

ता. क. भाऊजींची पँट उद्या नक्की.

आणखी ता. क. बारा तारखेला घरचं एक माणूस तिच्या शेजारी बसलं तर चालेल, असं बाई म्हणाल्या. अट एकच, अवाक्षर काढायचं नाही. मला ते जमत नाही, हे आता कोर्टालाही ठाऊक आहे. तू मात्र ती नवऱ्याचं घर सोडून आल्यापासून दीड वर्ष तिच्याशी एक शब्द बोललेली नाहीस. एवढा सराव आपल्यात दुसऱ्या कोणाला नाही. ये, आणि नुसती शेजारी बस.