टॉर्सेची रात्रपाळी

सोमवार, २ मार्च

पुन्हा शून्य! तिसरी जाहिरात, आणि टॉर्से बेटावरच्या रात्रपाळीसाठी एक अर्ज नाही. दोन माणसं हवीत — फक्त दोन. रात्रभर जागी राहणारी, अकरा म्हाताऱ्यांची कूस बदलून देणारी, पाणी पाजणारी. सबंध बेटावर दोन माणसं मिळू नयेत?

तपासणी खात्याने आज शेवटचं बजावलं. मार्चअखेर रात्रीचे दोन कर्मचारी, तेही कायमचे, नेमले नाहीत तर टाय रूआची नोंदणी रद्द. म्हणजे बेटावरचा एकुलता एक वृद्धाश्रम बंद. आत्तापर्यंत एजन्सीच्या नर्सवर भागवत आलो. त्या ग्लासगोहून विमानाने येतात, वारा सुटला की येत नाहीत. आणि इथे वारा सुटत नाही असा दिवस कुठला!

बेटांचा कारभार बघणाऱ्या परिषदेच्या साहेबांचा फोन. "निर्णय तुम्हा लोकांचा, एल्स्पेथ. आम्ही पाठीशी आहोत." मग आरोग्य मंडळाच्या बाईंचा. शब्दशः तेच! पाठीशी म्हणजे नेमकं किती मागे, हे विचारायचं राहिलं.

बुधवार, ४ मार्च

परिषद म्हाताऱ्यांचं बघते, आरोग्य मंडळ आजाऱ्यांचं. म्हातारे आजारीही असतात हा शोध लागल्यावर दोघांनी मिळून भागीदारी काढली आणि तिच्या डोक्यावर मला बसवलं. काम चांगलं झालं की मी दोघांची, बिघडलं की दुसऱ्याची. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात ना, ती पाहुणी मी.

मला का निवडलं तेही ठाऊक आहे. डोलिनाने — ती आमच्या संयुक्त मंडळाची अध्यक्ष, टॉर्सेची नगरसेवक — मुलाखतीनंतर तोंडावर सांगितलं होतं. "तुझं इथे कुणी नाही ना, म्हणून. आमच्यापैकी कुणालाही बसवलं असतं तर म्हणाले असते, भाच्याचं भलं केलं, आतेचं केलं." मी दक्षिणेकडची, पार इंग्लंडच्या सीमेजवळची. अकरा वर्षं या बेटांवर आहे. अजून 'नवीन आलेली' आहे.

रविवार, ८ मार्च

कपडे आत वाळत घातले. पहिल्या वर्षी रविवारी, देवाच्या विश्रांतीच्या दिवशी, बाहेर दोरीवर घातले होते, त्याचं अजून ऐकते.

गुरुवार, १२ मार्च

आजचं लिहायलाच हवं, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

संयुक्त मंडळाची बैठक. आठ मतं — चार परिषदेची, चार आरोग्य मंडळाची. विषय एकच: टाय रूआ बंद करायचा का. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला विचारतात, कुणाचा या विषयात काही संबंध आहे का? असेल त्याने सांगायचं आणि बाहेर जायचं. एरवी सगळे खाली बघतात आणि पुढे सरकतो.

आज डोलिना उठली. "माझी मावशी आहे तिथे. पेगी." आणि खुर्ची सोडून चालती झाली! मग दुसरे. "माझ्या बायकोची बहीण स्वयंपाकाला आहे." मग तिसरे, "माझे काका." चौथीने तर थोडा विचार केला आणि म्हणाली, "माझं रक्ताचं कुणी नाही, पण तिथल्या मेरीने मला वाढवलंय." पाचजण गेले. आत तीन उरले, आणि निर्णयाला निम्मे तरी हवेत. गणपूर्ती नाही, ठराव नाही! बाहेरच्या व्हरांड्यातून हसण्याचा आवाज आला. पोरं शाळा बुडवून हसतात तसा. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात सचिव फार्करने चष्मा लावला. सगळ्यांना परत बोलावलं आणि नियम वाचून दाखवला. तातडीच्या विषयात गणपूर्ती झाली नाही, तर निर्णय मुख्य अधिकाऱ्याने एकट्याने घ्यायचा.

मुख्य अधिकारी म्हणजे मी.

डोलिना म्हणाली, "हे आम्हाला कुठे ठाऊक होतं?"

"गेल्या वर्षी तुम्हीच मंजूर केलंत," फार्कर म्हणाला. "एकमताने."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. बेटाशी नातंगोतं नसलेली एकच बाई खोलीत! सोय करायला गेले आणि कुलूप लावून किल्ली परक्या बाईच्या हातात देऊन बसले. मला एक मिनिट अशी चीड आली — त्यांची नाही, माझीच. खुर्चीवरून उठता का आलं नाही मला?

शनिवार, १४ मार्च

दारात अंडी. दोन डझन, टॉर्सेच्या बोटीने आलेली. शेजारी वाळवलेला मासा, कागदात गुंडाळून. आणि एक लोकरीची टोपी, मापात! नाव कशावरच नाही.

भेटवस्तू घ्यायची नाही असा नियम आहे. परत कुणाला करू? दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणतो, "कोंबड्या घालतात कुठेही." भीक नको पण कुत्रा आवर! शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं. पाठीवरून हात फिरवून कसायाला कुणी म्हणत असेल का, बाबा, जरा विचार कर?

मंगळवार, १७ मार्च

इथल्या मोठ्या बेटावरून टॉर्सेला गेले. समुद्र खवळलेला, बोटीत दोनदा ओकले.

पेगी खिडकीशी होती. एक्क्याण्णव वर्षांची, शाळेत जेवण रांधायची. विसराळूपणात तिचं इंग्रजी आधी गेलं. नंतर शिकलेलं आधी जातं. आता फक्त गेलिक, इथली जुनी भाषा. तिने माझा हात धरून बराच वेळ काहीतरी सांगितलं. मला अकरा वर्षांत जेमतेम येतं, त्यातलं 'थंड' एवढं कळलं. मी शाल आणायला धावले. कर्स्टी-अ‍ॅन हसायला लागली. ती आश्रमाची व्यवस्थापक. "अगं, ती म्हणते, तुझे हात थंड आहेत, चुलीशी बस."

इथून हलवलं तर ही मुख्य भूमीवर कुठल्याशा खोलीत बसेल आणि पाणी मागेल आणि ते कुणाला कळणार नाही. माझ्या डोक्यातून हे जातच नाही.

चहा पिताना मी कर्स्टी-अ‍ॅनवर भडकलेच. "सगळं बेट मला अंडी आणून देतं, आणि नोकरीला दोन माणसं देत नाही! अर्ज का करत नाही कुणी?"

तिने कप खाली ठेवला. "कसा करतील? जागा म्युरिअलची आहे."

"कोण म्युरिअल?"

"डोलिनाची मुलगी. ग्लासगोला नर्स आहे. ती परत येणार ना! तिचा नवराही नर्स. दोन माणसं, दोन जागा. तिच्या जागेवर कोण उडी मारणार? उद्या चर्चमध्ये डोलिनाला तोंड कसं दाखवायचं?"

"हे ठरलं कधी?"

"ठरलं काय… गेल्या उन्हाळ्यात डोलिना म्हणाली, लेक येणार. सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला नाही!"

"तुला कोण सांगणार?" ती अगदी प्रेमाने म्हणाली. "आम्हाला वाटलं, तूच राखून ठेवली असशील."

बुधवार, १८ मार्च

टॉर्सेच्या दुकानात पाटी लावायला सांगितलं, ठळक अक्षरांत: जागा कुणासाठीही राखीव नाहीत, सर्वांनी अर्ज करावा. कर्स्टी-अ‍ॅनचा फोन. लोक पाटी वाचतात, हसून मान हलवतात, म्हणतात, "हो तर, तिला असं लिहावंच लागतं बिचारीला."

शुक्रवार, २० मार्च

म्युरिअलला फोन केला. नंबर कर्स्टी-अ‍ॅननेच दिला. मी म्हटलं, अर्ज लवकर पाठव गं, दिवस थोडे राहिलेत.

"कसला अर्ज?"

सांगितलं.

"मी नाही येत. आम्ही इथे घर घेतलंय. मुलं इथल्या शाळेत रमलीत. आईला नाताळात सांगितलं होतं सगळं." आणि बारीक आवाजात, "तिने कुणालाच सांगितलं नाही होय?"

मी म्हटलं, मग आता सांगायला हवं. तर रडायलाच लागली. "तुम्ही नका सांगू, प्लीज. बाबा गेल्यापासून ती त्याच आशेवर आहे. चारचौघांत कमीपणा वाटेल तिला. तिची ती सांगेल. मला शब्द द्या."

दिला. का दिला? मूर्ख बाई! दुसऱ्याची लेक रडली म्हणून शब्द देऊन बसले. आता बोलावं तर डोलिनाची अब्रू जाते आणि माझा शब्द, न बोलावं तर अकरा म्हातारी माणसं बेटाबाहेर. इकडे आड तिकडे विहीर — आणि मधल्या फळीवर मी, भागीदारीची प्रमुख!

शनिवार, २१ मार्च

डोलिनाकडे गेले. पुन्हा ती बोट.

तिने आनंदाने घर दाखवलं. वरची खोली पिवळी रंगवलीय. नवे पडदे. नातवंडांसाठी दोन मजली पलंग, तो तिने स्वतः बसवलाय, एक पाय वाकडा. "उन्हाळ्यापर्यंत येतील," म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी म्हटलं, "छान झालीय खोली."

खाली चहा. मी शब्द मोडला नाही. एवढंच बोलले: "डोलिना, अर्ज आले नाहीत तर शुक्रवारी मला सही करावी लागेल. बंद करण्याच्या कागदावर."

"का येत नसतील गं?"

तिला ठाऊक आहे! तिला ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हेही तिला ठाऊक आहे. आम्ही दोघी शॉर्टब्रेडची बिस्किटं खात बसलो. तिने मला आणखी एक बिस्किट घ्यायला लावलं. मला टेबलावर मूठ आपटून ओरडायचं होतं — तुझी मावशी आहे ती, डोलिना! तुझी! पण तिचे हात बशी पुसत होते, पुसलेलीच बशी, आणि माझ्याने झालं नाही.

दारापर्यंत सोडायला आली. "तुझ्यावर फार आलंय सगळं," म्हणाली. बोटीत ओकले नाही या खेपेला, नुसती रडले. खलाशाने तोंड फिरवलं, चांगला माणूस.

रविवार, २२ मार्च

आज बोट नाही, दुकान नाही, फोन नाही. चर्चमध्ये सगळं टॉर्से डोलिनाच्या मागेपुढे बसलं असेल, तिच्या लेकीची जागा राखत. इतकी चांगली माणसं. देवा, थोडी वाईट का नाहीत?

मंगळवार, २४ मार्च

अकरा जणांसाठी जागा शोधायला बसले. मुख्य भूमीवर पाच गावांत विखुरतील. एक नवराबायको आहेत, त्यांनाही एकाच आश्रमात दोन खाटा मिळत नाहीत.

पेगीसाठी इनव्हरनेसजवळ खोली मिळाली. विचारलं, तिथे गेलिक येणारं कुणी आहे का. बाई म्हणाली, "तसं नाही कुणी. पण एक पोलिश मुलगी आहे, फार मायाळू." मी आभार मानले. फोन ठेवला. आभार कशाचे मानले!

परिषदेच्या साहेबांना आणि आरोग्य मंडळाच्या बाईंना कळवलं, शुक्रवारी सही करते. दोघांचं उत्तर एकच: कठीण निर्णय घेण्याचं तुमचं धैर्य वगैरे. एकमेकांना प्रत पाठवून.

बुधवार, २५ मार्च

म्युरिअलला पुन्हा फोन केला. म्हटलं, तूच बोल आईशी. म्हणाली, "रोज बोलते. ती पडद्यांचंच सांगते."

दारात पुन्हा अंडी. उचलून आत घेतली नाहीत. मग घेतली. थंडीने तडकली असती.

गुरुवार, २६ मार्च

सकाळी डोलिनाचा मेल. अध्यक्षपदाचा राजीनामा, परिषदेचाही — परिषदेची नोकरी करायची तर नगरसेवक राहता येत नाही. खाली, त्याच मेलमध्ये, रात्रपाळीसाठी अर्ज. वय एकोणसाठ. अर्ज का करत आहात, या प्रश्नापुढे तिने एवढंच लिहिलंय: जागा रिकामी आहे.

कर्स्टी-अ‍ॅनचा फोन आला. डोलिनाने दुकानात सगळ्यांदेखत सांगितलं म्हणे, मी रात्रपाळी धरतेय. कुणी काही विचारलं नाही. ती पाव घ्यायला आली होती, तो न घेताच घरी गेली.

दुपारपर्यंत आणखी चार अर्ज आले.