सीटखालचे चार ठोकळे

मंगळवार, ११ नोव्हेंबर

विम्यावाल्या मुलीचा फोन. महिनाअखेरीला गाडीच्या विम्याची मुदत संपतेय म्हणे. नाव, पत्ता, गाडी कोण चालवतं — तिनं घाईघाईत विचारलं, मीही भराभर सांगितलं. मग म्हणते, "मॅडम, मूळ गाडीत काही बदल केलेत का?"

मी म्हटलं, "थांबा हं, दूध उतू चाललंय!" आणि फोन ठेवला.

दूध सकाळीच तापवून झालं होतं. पासष्टी उलटली, अजून धड खोटं बोलता येत नाही!

बदल आहे ना. ड्रायव्हरच्या सीटखाली चार ठोकळे आहेत, अॅल्युमिनियमचे. ह्यांनी स्वतः घडवलेले. मी ही एवढीशी. सीट उंच केल्याशिवाय मला बॉनेटच्या पलीकडचं काही दिसत नाही. हे जाऊन दोन वर्षं होत आली. आधीचा एजंट ह्यांच्या ओळखीचा होता, चहा प्यायचा आणि सही घेऊन जायचा. असलं काही विचारायचाच नाही. आता तोही घरी बसलाय.

बुधवार, १२ नोव्हेंबर

लेकाला फोन केला. तो म्हणाला, "आई, मूग गिळून बस. सीटखाली वाकून कोण बघणार आहे?"

सुनेनं फोन ओढून घेतला. "आई, त्याचं ऐकू नका! सांगून टाका. उद्या काही झालं आणि त्यांना कळलं की तुम्ही लपवलंत, तर कंपनी सरळ हात वर करेल."

"आईला घाबरवू नकोस."

"मी घाबरवतेय? तूच भलतंसलतं शिकवतोयस!"

मग नवरा-बायकोचं आपापसात जुंपलं. माझा विमा राहिला बाजूला! पाच मिनिटं ऐकत बसले आणि हळूच फोन ठेवून दिला. त्यांना कळलंही नसेल.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

ताईला गुडघ्याच्या व्यायामाला घेऊन गेले. दर गुरुवारी नेते. ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, आणि आडव्या अंगानं माझ्या तिप्पट. बसली की गाडी तिच्या बाजूला कलते.

दवाखान्याच्या वळणावर एक सायकलवाला एकदम आडवा आला. मी ब्रेकवर उभीच राहिले! गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तो पडला, उठला, गुडघे झटकले आणि माझ्याकडे न बघताच निघून गेला.

ताई ओरडली, "अगं बाई, मारतेस काय मला! उपचार गुडघ्यावर चाललेत, डोक्यावर नाही!"

मी हसले खरी, पण गाडी कडेला घेऊन थांबवली. त्या माणसाचा पाय मोडला असता तर? ताईचं कपाळ फुटलं असतं तर? कंपनी म्हणाली असती, तुम्ही सीटमध्ये केलेला बदल सांगितला नव्हता, आता तुमचं तुम्ही निस्तरा. आणि सायकलवाल्याचं कोण निस्तरणार?

सून बरोबर बोलते. नेमकी तीच बरोबर बोलते ह्याचाही राग येतोय.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गाडी धुतली. मग कुठे जायचं नव्हतं तरी आत बसून राहिले.

रविवार, १६ नोव्हेंबर

सांगायला एवढी का कचरतेय, ते निदान इथे तरी लिहावं. दुसऱ्या कुणाला सांगायची सोय नाही.

आमची पहिली गाडी जुनी, खटारा. मी लॅबमध्ये होते, सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करायचे. शेजारच्या सीटवर बर्फाचा डबा, आणि माझ्या बुडाखाली उशी. ब्रेक दाबला की उशी पुढे सटकायची आणि मी स्टिअरिंगखाली गडप! हे म्हणायचे, "समोरच्याला वाटत असेल, गाडी रिकामीच पळतेय." मला 'पाऊण' म्हणायचे. "पाऊण, चहा कर. पाऊण, किल्ल्या कुठे आहेत?" माझ्या आईसमोरसुद्धा! तीही हसायची.

एकदा उशी सटकली आणि मी एका हातगाडीला धडकता धडकता वाचले. त्या रविवारी ह्यांनी सीट उचलून खाली लाकडी ठोकळे ठोकले. पहिल्यांदा मला सगळा रस्ता दिसला. काय आनंद झाला होता मला! त्या दिवशी उगाचच गावाला तीन चकरा मारल्या.

ती गाडी भंगारात गेली आणि ही आली, त्याच महिन्यात हे निवृत्त झाले. आयुष्यभर कारखान्याच्या टूलरूममध्ये साचे-हत्यारं घडवलेला माणूस, घरात नुसता बसायला लागला. पेपर हातात धरायचे, पान उलटायचे नाहीत. जेवायला हाक मारली की यायचे, बोलायचे नाहीत. दाराच्या बिजागऱ्यांना सकाळ-संध्याकाळ तेल! एकदा म्हणाले, "आता माझ्या हातांचं काय करायचं गं?" 

गाडी घ्यायला मी एकटीच गेले होते, ह्यांना उठावंसंही वाटेना. दुकानातल्या मुलानं दाखवलं — सीटच्या कडेला, दाराच्या बाजूला एक मूठ आहे. ती वर-खाली ओढली की सीट आपोआप उंच होते. पंप मारल्यासारखी. मी बसले, पाच-सहा वेळा ओढली. समोरचं सगळं स्वच्छ दिसलं!

पुन्हा खाली करून टाकली. घरी आले आणि म्हटलं, "अहो, ह्या गाडीतूनही मला काही दिसत नाही. ठोकळे करून द्याल का?"

कसे उठले! पायात चपला न घालताच गाडीपाशी गेले. मला बसवलं, उतरवलं, पुन्हा बसवलं, डोळ्यांच्या उंचीचं माप घेतलं. मित्राच्या गॅरेजमध्ये मशीन होती, रोज तिथे जायला लागले. आले की हात काळे, नखांत कीस, भूक लागलेली. "पाऊण, अॅल्युमिनियमच घेतलं, लाकूड फुगतं. पाऊण, कोपरे गोल केलेत, तुझ्या साडीला लागायला नकोत." ठोकळे जाणार सीटखाली, साडीला कसे लागणार! पण मी म्हटलं, बरं झालं.

त्यानंतर आयुष्य पुन्हा सुरू झालं त्यांचं. गल्लीतल्या प्रत्येकाचं काहीतरी दुरुस्त करून द्यायला लागले. आपली गाडी चालवताना मात्र डोकं छताला टेकायचं. सहा फुटांचा माणूस आणि त्यात उंच केलेली सीट! मान वाकडी करून चालवायचे. "काढा की तुमच्यापुरते," म्हटलं, तर म्हणायचे, "सारखे काय काढायचे-घालायचे? मला सवय झालीय."

एवढा यंत्रं जाणणारा माणूस, पण ती मूठ कशाची हे त्यांना कधी कळलं नाही! सीटची पाठ मागेपुढे करायची असेल असं वाटलं असणार. मीही तिला पुन्हा हात लावला नाही. आठ वर्षं.

आता विम्यावाल्यांना सांगितलं तर माणूस बघायला येणार. तो आधी ती मूठ ओढणार आणि म्हणणार, बाई, ठोकळ्यांची गरजच नाही, काढून टाका. मला ते काढायचे नाहीत. त्यांच्यावर बसलं की ह्यांनी उचलून धरलंय असं वाटतं. बस, एवढंच कारण आहे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

केला फोन. म्हटलं, "बदल आहे."

"सायलेन्सर? टायर? जादा दिवे?"

"सीट. खालून उंच केलीय."

 तिच्या यादीत हे नसावं. "मॅडम, ही... शर्यतीसाठी का?"

मी इतकी हसले की तीही हसायला लागली. माणूस पाठवते म्हणाली. फोन ठेवला आणि हसू गेलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

आला होता. मिशीवाला, जाडसर, सर्दी झालेला. टॉर्च घेऊन आडवा होऊन बघितलं. आधी म्हणाला, "काम झकास आहे हो. कुणी केलं?" मी सांगितलं. मग त्याचा हात गेलाच त्या मुठीवर.

"अहो, ही तर आपोआप वर होते! तुम्हाला कुणी दाखवलं नाही?"

मी म्हटलं, "होय का?" दुसरं काय म्हणणार!

त्याचं म्हणणं असं, की सीट मूळ जागी घट्ट बसलेली हवी. धक्का बसला तर हाताने घडवलेल्या ठोकळ्यांची खात्री कोण देणार? ते काढा, फोटो पाठवा, विमा करून देतो. मी वाद घातला. म्हटलं, आठ वर्षांत इकडची तिकडे हलली नाही! तो शिंकला आणि म्हणाला, "मॅडम, तुमच्या शेजारी कुणी बसत असेल ना?"



रविवार, २३ नोव्हेंबर

ताईला सगळं सांगून टाकलं. मुठीचंही. ती म्हणाली, "म्हणजे नवऱ्याला सहा वर्षं फसवलंस?"

"फसवलं नाही गं. काम दिलं."

ती गुडघा चोळत बसली. मग म्हणाली, "काढ ते. मी बसते तुझ्या शेजारी. मलाही अजून जगायचंय, आणि तुलाही." मी रडले. तिनं रडू दिलं आणि मग माझ्याच घरात मलाच चहा करून दिला, पांचट.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ठोकळे काढले. ह्यांच्या मित्राच्याच गॅरेजमध्ये गेले होते. त्यानं ते पुसून फडक्यात बांधून माझ्या हातात दिले. मला राहवेना, म्हटलं, "भाऊजी, सीट आपोआप वर होते हे ह्यांना शेवटपर्यंत कळलं नाही बघा."

त्यानं हातातला पाना खाली ठेवला. "वहिनी, काहीतरीच काय! ही सीट त्यांनी इथंच, माझ्यासमोर खोलली होती. सगळी यंत्रणा हातात घेऊन बघितली. मी म्हटलं, अरे, मग ठोकळे कशाला घडवतोस? तर म्हणाला, 'गप्प बस. मला घराबाहेर काढायला केवढं खोटं बोललीय ती.'"