खेळातलं पाच मजली दुकान

केज, रविवार, जून १९९९

आज औरंगाबादला पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढले आणि नसरीनच आठवली. तिच्या मामांनी दुबईहून आणलेल्या व्हिडिओ गेममध्ये एक पाच मजली दुकान होतं. राक्षसांशी लढायचं सोडून आम्ही दोघी मैत्रिणी तिथल्या लिफ्टनं नुसत्या वर-खाली करायचो. गच्चीवर यंत्रात नाणं टाकलं की थंड बाटली यायची. किती हरखायचो! मग नसरीन लग्न होऊन हैदराबादला गेली.

संध्याकाळी एसटीडी बूथवरून तिला फोन लावलाच. लई हसली. मग हळूच म्हणाली, "आमच्या बिल्डिंगलाबी लिफ्ट हाय गं. पण एकटीच वर-खाली करते."

"मी येते," एवढंच म्हणाले.

आई एकटीला पाठवेल का? जेवताना विचारते. नाही म्हणाली तरी जाणार.