तेवढं भोक सोडून

सोमवार, ७ एप्रिल
सकाळी रोह्याहून जिते गावात आलो. सरूकाकींनी आल्या आल्या तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी पुढे केली. मन खूश! त्यांच्या कोंबड्यांच्या शेडला आतून ऊन अडवणारा फोम मारायचाय. गेल्या उन्हाळ्यात निम्मी पाखरं उकाड्यानं गेली.

पंधरा वर्षं हेच काम करतोय. छातीचा फोटो बघून डॉक्टर म्हणाले, आता बस. हे शेवटचं काम. रविवारी कायमचा घरी, असा बायकोला, दिपिकाला शब्द दिलाय. ही वही तिनंच खिशात घातली. रोज किती खोकला आला ते लिही म्हणाली.

मंगळवार
दोन पिंपांतली रसायनं नळीच्या तोंडाशी एकत्र येतात, दुधासारखी उतू येतात आणि कडक होतात. छत झालं. मास्कमध्ये घामाची आंघोळ.

खाडीकडच्या भिंतीत मुठीएवढं भोक आहे. काकींचे यजमान महिपती दम्यानं याच शेडमध्ये गेले. काकी म्हणाल्या, "सगला बुजव, पन तेवढा भोक सोड, बाबा. आमचं म्हातारं तिथूनच दम घेतं." मी व्हय म्हटलं. म्हातारीचं मन कशाला मोडा?

बुधवार
शेवटची तपासणी. दार आतून लावायचं, दिवे घालवायचे, उजेड दिसेल तिथे फोम मारायचा. टाचणीएवढा ठिपका दिसला तरी आमचा हात थांबत नाही. दमलो होतो. शेवटचा ठिपका बुजवला आणि मग आठवलं.

उद्या कापू म्हटलं. कंटाळा, दुसरं काय! काकींना सांगितलं नाही. लाज वाटते.

गुरुवार
भोक कापायला गेलो. भिंत वीतभर जाड. सुरी कोपरापर्यंत आत गेली, तरी फोमच.

मशीन बंद होतं. तरी मागे कुणाला तरी धाप लागलेली. वर पाहिलं. छताचा फोम खालीवर होत होता. हळूहळू.

पळत बाहेर आलो. खोकला थांबत नाही.

शुक्रवार
काकींना खरं सांगून टाकलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. बाहेरून भिंतीला कान लावून बसल्या. म्हणाल्या, तू कोंडलंस, तूच सोडव. बरोबरच आहे. जातो आत.

शुक्रवार, दुपार
आत आलो, आता दार उघडत नाही. कडेनं फोम फुगलाय. तिथे मी मारलाच नव्हता—

कापतोय. छाती दाटलीय. धाप माझी की त्यांची, कळत नाही.

आरपार! उजेड दिसला. गार वारा अंगाला घासून गेला. आत आला नाही. बाहेर गेला.

काकी बाहेर हसतायत, रडतायत. म्हणतात, सुटला गो बाय, माझा म्हातारा सुटला.

मी हाका मारतोय. ऐकू जात नाही त्यांना. पावलं लांब चालली—

भोक बारीक होतंय. तोंड लावून श्वास घेतोय. करंगळीएवढं राहिलं—

दिपिका, रविवारी मी—