गावी न्यायच्या सामानाची बाल्कनी

प्रिय जान्हवीचे बाबा,

फोनवर तुम्ही मला एक वाक्य पुरं करू देत नाही, म्हणून कागद घेतला. मंगळवारी तुम्ही फर्मान सोडलंत. भांडुपच्या घराला गिऱ्हाईक लागलंय, रविवारी टेंपो पाठवतो, बाल्कनीतलं सगळं सामान त्यात चढव आणि तूही ड्रायव्हरशेजारी बसून गावी ये, सह्यांचं मागाहून बघू. एवढं बोलून फोन ठेवलात. मला यायचंय का, हे विचारायचं राहूनच गेलं. आपल्या संसारात ते नेहमीच राहून जातं, त्याचं मला नवल नाही. नवल याचं वाटलं की त्या भंगाराला तुम्ही अजून सामान म्हणता.

हे घर घेतलं तेव्हा ही बाल्कनी बघून मी खुळ्यासारखी हरखले होते. जागा जेमतेम एका खाटेएवढी, पण समोर डोंगर दिसतो. कामावरून आले की इथे बसून चहा प्यायचा, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. आठवडा झाला नाही तोच तुम्ही लालबागच्या चाळीतल्या जुन्या खिडक्यांची झडपं आणून तिथे उभी केलीत. चाळ पाडत होते, फुकट मिळाली, म्हणालात, ऱ्हवांदे, गावाक लागतला. मग लोखंडी खाट आली, तीही म्हणे गावी लागणार, गावाक लागतला. गोडेतेलाचे पत्र्याचे डबे, बंद पडलेले पंखे, दोन फाटक्या गाद्या. आपला संडास नवीन केला तेव्हा जुनं भांडं गवंड्याच्या हातून हिसकावून घेऊन बाल्कनीत ठेवलंत तुम्ही! पाहुण्यांना मी पडदा ओढून चहा द्यायचे. जान्हवी दहावीच्या अभ्यासाला बसायला जागा मागत होती, तर तिला तुम्ही मोरीच्या उंबऱ्यापाशी बसवलंत आणि खिडक्यांना मात्र पावसाची झड लागू नये म्हणून प्लास्टिक बांधलंत. पोरगी तरीही पास झाली, हे तिचं कर्तृत्व.

आपल्या लोकांचं हे मला कधी कळलंच नाही. मुंबईत वस्तू मोडली की ती टाकायची नाही, गावी न्यायची. गाव म्हणजे काय मुंबईचा पोटमाळा आहे? दर मे महिन्यात नेऊ म्हणायचं आणि दर मे महिन्यात एक बॅग उचलून निघायचं. माझ्या डोळ्यांदेखत त्या ढिगाला मुळं फुटली, आणि तुम्ही दारात उभे राहून त्याच्याकडे असं बघायचात, जसं काही इस्टेटच उभी केलीय.

गेल्या गणपतीत मी तुमचं गाव नीट बघून घेतलं. मागे कधीतरी नेलेलं कपाट गोठ्यात पडलंय. त्याच्या खालच्या खणात कोंबडी अंडी घालते. तुमच्या दूरदृष्टीचं चीज त्या एका कोंबडीने केलं, बाकी कुणी नाही. भाऊजींनी घराला स्लॅब घातला, फरशा बसवल्या, कमोड बसवला. त्यांना तुमच्या खिडक्याही नकोत आणि ते भांडंही नको. मोठ्या भावाला तोंडावर बोलायची त्यांच्याकडे रीत नाही म्हणून गप्प बसतात, पाठीमागे मात्र हसतात. मी ऐकलंय ते. रिटायर होऊन तुम्ही थाटात गावी गेलात आणि राहता कुठे, तर नारळ साठवायच्या मागच्या पडवीत. तिथून मला फोनवर सांगता की गावाला आपला शब्द चालतो.

त्याच पडवीत मी केर काढत होते, तेव्हा धाकटी जाऊ लाडाने येऊन म्हणाली, वैनीनू, तुम्ही कायमच्या इलास काय माका वायच उसंत गावतली. कामाला दोन हात हवेत म्हणून बोलावते, तिच्यावर माझा राग नाही. ती निदान खरं बोलली. पण परतीच्या वाटेवर मला असा संताप आला, की घरात पाऊल टाकल्या टाकल्या पदर खोचला आणि बाल्कनीचा पडदा ओढून काढला.

एकही वस्तू मी टाकली नाही, उगाच छाती धरून बसू नका. खिडक्यांची झडपं पॉलिश पेपरने घासली, तर आत सागवान निघालं. तुम्ही त्याच्यावर वर्षानुवर्षं मुंग्या पोसल्यात. त्याचं एक बाक झालं आणि भिंतीला लावून मिटता येणारी एक फळी झाली. बिजागऱ्या तुमच्याच, मोडक्या दारांच्या काढून तेलात बुडवून ठेवलेल्या. खाटेचा सांगाडा ग्रिलला उभा बांधलाय, त्यावर आणि पंख्यांच्या जाळ्यांवर कारल्याचा वेल चढतोय. तेलाच्या डब्यांना खिळ्याने भोकं पाडून गवती चहा, ओवा आणि मिरच्या लावल्यात, तांदूळ धुतलेलं पाणी त्यांना पुरतं. गाद्यांमधला कापूस उन्हात घालून बाकावर बसायला गादी शिवली. आणि संडासाच्या त्या भांड्यात कर्दळ लावलीय. अशी काही फुललीय म्हणून सांगू! तुमच्या खानदानात एवढं फुललेलं दुसरं काही मी पाहिलं नाही.

शेजारची तेजल बघायला आली आणि नाचायलाच लागली. काकू, हे अपसायकलिंग आहे, एकदम सस्टेनेबल, झकास! आमच्या हातून झालं की काटकसर, तिच्या मोबाइलमध्ये गेलं की सस्टेनेबल. तिला त्याचा व्हिडिओ करायचा होता, पण आधीचा पसारा दाखवायचा राहिला, म्हणून मला विचारते, थोडा वेळ परत सगळं भंगार भरून ठेवाल का? मी म्हटलं, बाई गं, त्यासाठी आमचे हे यावे लागतील. तरी पोरगी मनाची चांगली. बाकाला रंग तिनेच लावून दिला. पहिल्या संध्याकाळी मी तिथे चहा घेऊन बसले आणि मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की कप रिकामा झाल्यावरही उठले नाही.

आता मुद्द्याचं. आज सकाळी तुमचा टेंपो आला. ड्रायव्हर वर आला, बाल्कनीत गेला आणि यातलं सामान कुठलं तेच त्याला उमगेना. त्याला पोहे दिलेत, तो खातोय तोवर हे लिहिते आहे. टेंपो रिकामा येईल, त्यात एवढा कागद तेवढा असेल. माझ्यासाठी पुढची सीट राखून ठेवलीत म्हणून मला बरं वाटेल असं तुम्हाला वाटलं असणार. तुम्ही मलाही त्याच ढिगात धरलंत, काशीराम. मुंबईत कामातून गेली, गावाक लागतली. मी कामातून गेलेले नाही. कर्जासाठी दोघांचे पगार दाखवावे लागले म्हणून घराच्या कागदांवर माझंही नाव आहे. मी सही करणार नाही, हे त्या गिऱ्हाइकाला कालच कळवलंय. घर तुमचंही आहे, पडवीचा कंटाळा आला की खुशाल या. मात्र येताना रिकाम्या हाताने या. आणि बाल्कनीत बसावंसं वाटलं, तर आधी मला विचारा.

तुमचीच, पण भांडुपची,
विमला